चेंबरच्या जाळीला मालक कोण?

रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी उतरायला लोखंडी जाळी बसवतात. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं लांबलेल्या असल्या आणि दोन पट्ट्यांमधली फट ३०-३५ मिलिमीटर असली, तर मोटारीला, बुलेटला, रिक्षाला त्याचा पत्ताही लागत नाही. रेसिंग सायकलचा टायर मात्र २५ ते २८ मिलिमीटर रुंद. तो त्या फटीत सरळ उतरतो, पुढचं चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो. दूधवाल्याच्या जुन्या दणकट सायकलचा टायर ४० मिलिमीटरच्या आसपास असतो म्हणून तो वाचतो. जाळीची एक पट्टी तुटलेली असेल तर तोही वाचत नाही.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. जाळी चौरस असेल तर उचलायची, काटकोनात फिरवायची आणि परत बसवायची, म्हणजे पट्ट्या चाकाला आडव्या येतात. आयताकृती असेल तर दर १५ सेंटिमीटरवर एक आडवी पट्टी वेल्ड करायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वेल्डरचं हे अर्ध्या तासाचं काम. तरीही अशा जाळ्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण ‘हे आमच्याकडं येत नाही’ या एका वाक्यावर ती जाळी टेबलाटेबलांवरून फिरत राहते. कायद्यानं मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला, चराला, जाळीला एक मालक आहे. त्याला शोधून, त्याला हे माहीत होतं असं कागदावर आणणं, एवढाच या लेखाचा विषय.

शहराच्या हद्दीत, म्हणजे साधारण ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये, बहुतेक रस्त्यांचा मालक कोल्हापूर महानगरपालिका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पालिकेची कर्तव्यं दोन प्रकारची आहेत. कलम ६३ मधली करावीच लागतात, कलम ६६ मधली ऐच्छिक. रस्ते, पूल, मोऱ्या बांधणं, त्यांची देखभाल करणं आणि रस्त्यावर दिवाबत्ती ठेवणं ही कामं ६३ मध्ये येतात. म्हणजे ‘निधी आला की बघू’ हे उत्तर बाग किंवा नाट्यगृहाला चालेल, रस्त्याला चालत नाही. पैसे नाहीत ही सबब पालिकेला तिच्या सक्तीच्या कर्तव्यातून सोडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तो खटला गटारांचा होता, पण तत्त्व तेच.

पालिकेत जायचं तर थेट मुख्य इमारतीत जाऊ नका. कामाची माणसं विभागीय कार्यालयांत बसतात आणि ती चार आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपला रस्ता कुठल्या विभागात येतो ते फोनवर विचारून घ्या आणि अर्ज तिथल्या उपशहर अभियंत्यांच्या नावानं द्या. जुनी माणसं अजून काही रस्त्यांना ‘टोलचे रस्ते’ म्हणतात. सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी ठेक्यानं झाले, २०१३ मध्ये टोल सुरू झाला, अख्खं शहर रस्त्यावर उतरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. ती लढाई आपण जिंकली. आता त्या रस्त्यावर खड्डा पडला तर ‘तो ठेकेदाराचा होता’ हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. रस्ता पालिकेचा आहे.

हद्द ओलांडली की मालक बदलतो. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव या बाजूनं जाणारा पुणे-बेंगळुरू रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. तो आणि त्याचे सेवारस्ते महामार्ग प्राधिकरणाकडं, आणि तक्रारीचा फोन १०३३. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहतींत सायकलनं कामाला जाणारे याच सेवारस्त्यांवरून जातात, म्हणून हा नंबर पाठच असू द्या. पन्हाळ्याकडं जाणारा रत्नागिरी रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, गावातले रस्ते जिल्हा परिषदेकडं नाहीतर ग्रामपंचायतीकडं. पाचगाव, कळंबा, उचगावच्या बाजूला तर एकाच रस्त्याच्या अलीकडचा तुकडा पालिकेचा आणि पलीकडचा दुसऱ्याचा असतो. शहराच्या हद्दवाढीचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. तोवर अर्जाच्या प्रती दोघांनाही द्यायच्या आणि ‘सदर रस्ता आपल्या ताब्यात नसल्यास तो कोणाच्या ताब्यात आहे हे लेखी कळवावे’ असं शेवटी लिहायचं. हे वाक्य फार उपयोगी पडतं. लेखी नकार देताना माणसाला दुसऱ्याचं नाव लिहावं लागतं, आणि आपला शोध तिथं संपतो.

खड्ड्यापेक्षा चर वाईट

सगळी बोंब खड्ड्यांची होते, पण सायकलला खड्ड्यापेक्षा चर जास्त पाडतो. पाणी, ड्रेनेज, गॅस, केबल, यातलं काहीतरी टाकायला रस्ता लांबीनं उकरतात. नंतर तीच माती ढकलून वर मुरूम टाकतात आणि एक पाऊस पडला की चर बसतो. खोली दोन-तीनच सेंटिमीटर, मोटारसायकलवाल्याला हाताला जरा कळणारी. सायकल मात्र हँडलच्या बारीक हालचालींवर तोल धरते. चराच्या कडेत चाक उतरलं की हँडल वळत नाही, आणि हँडल वळलं नाही की ताशी दहाच्या वेगानंही माणूस आडवा होतो. आडवा चर दणका देतो, उभा चर पाडतो. त्यामुळं तक्रारीत ‘चर’ एवढंच न लिहिता ‘रस्त्याला समांतर चर’ असं लिहा.

चर का बसतो, हे कळलं तर तक्रार धारदार होते. कोल्हापूरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. तीच परत चरात भरली तर वरचं डांबर टिकणारच नाही. बरोबर पद्धत अशी: काळी माती उचलून न्यायची, पाईपच्या भोवती कच किंवा वाळू भरायची, त्यावर साधारण १५-१५ सेंटिमीटरचे थर टाकत, पाणी मारत, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरनं ठोकायचा. एकदम मीटरभर भरून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा पापुद्रा घट्ट होतो, खाली पोकळच राहतं. मग खडीचे थर आणि शेवटी डांबर. शेवटचं डांबर टाकण्याआधी जुना रस्ता चराच्या दोन्ही बाजूंना आणखी १५ सेंटिमीटर कटरनं सरळ कापायचा, म्हणजे नवा-जुना सांधा न उकरलेल्या जमिनीवर येतो. हे शेवटचं काम जवळजवळ कुणी करत नाही, आणि सांधा नेमका तिथंच उघडतो.

रस्ता उकरायला पालिकेची परवानगी लागते आणि तो पूर्ववत करण्याचे पैसे परवानगी देतानाच भरून घेतले जातात. म्हणजे चर उघडा राहिला तर पैसे कुठं गेले, हा प्रश्न विचारायची जागा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात गोल गोल विचारू नका. अमुक चौक ते अमुक चौक या लांबीत गेल्या दोन वर्षांत दिलेल्या खुदाई परवानग्या, त्यापोटी जमा झालेली रक्कम, रस्ता पूर्ववत केल्याची तारीख, कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली पानं आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख मागा. हा कालावधी म्हणजे ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची मुदत. मुदत शिल्लक असताना पालिकेनं स्वतःच्या पैशानं पॅच मारला असेल तर तो वेगळा विषय होतो आणि लेखापरीक्षणवाल्यांना तो फार आवडतो.

काम चालू असताना कठडा आणि रात्री दिवा ठेवणं हीसुद्धा जबाबदारीच आहे. पांढरी फक्की आणि झाडाची फांदी हा आपल्याकडचा सर्वमान्य कठडा. सायकलच्या दिव्याला तो दिसतो तेव्हा आपण त्याच्यात असतो. उघडा खड्डा राजरोस तसाच असेल तर आणखी एक वाट आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. सार्वजनिक रस्त्यालगतचं खोदकाम कठडा घालून सुरक्षित करा, असा आदेश ते देऊ शकतात.

पॅचवर्क

खड्डा बुजवणं हे सोपं काम आहे, फक्त त्याला क्रम आहे. खड्डा चौकोनात कापायचा, कडा सरळ उभ्या. आत साचलेलं पाणी आणि सुटी खडी काढायची, झाडायचं. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात मारायचा. मग गरम मिश्रण, खोल खड्डा असेल तर थराथरानं, प्रत्येक थर दाबून. डांबर प्लँटवरून साधारण दीडशे अंशांवर निघतं आणि शंभराच्या खाली गेलं की दबत नाही. म्हणून ताडपत्री न घालता आणलेला आणि दुपारभर उभा राहिलेला डंपर पाहिला की त्या पॅचचं भविष्य सांगता येतं. पावसात प्लँट बंद असतात. तेव्हा तयार थंड मिश्रणाच्या पिशव्या वापरायच्या, त्यासाठी इंडियन रोड काँग्रेसची स्वतंत्र पुस्तिका आहे, आयआरसी ११६. आपल्याकडं पावसाळ्यात मुरूम पडतो. मुरूम दोन दिवसांत चिखल होतो, ऊन पडलं की धूळ होते आणि त्यातली खडी वळणावर पसरते. सुक्या रस्त्यावर पसरलेली बारीक खडी म्हणजे सायकलसाठी गोट्याच. मुरमानं बुजवलेला खड्डा कागदावर ‘बुजवला’ असतो, सायकलखाली तो फक्त जागा बदलतो.

दुसरा घोळ नव्या कारपेटचा. जुना थर न खरवडता त्याच्यावरच नवा टाकत गेलं की चेंबरचं झाकण खाली राहतं आणि गुळगुळीत रस्त्यात पाच-सात सेंटिमीटरचा गोल खड्डा तयार होतो. रस्ता चांगला म्हणून वेग जास्त, आणि खड्डा अगदी डाव्या कडेला, जिथं सायकल चालते. त्याच वाढलेल्या जाडीमुळं कडेची साईडपट्टी खोल जाते. मागून एसटीनं हॉर्न दिला की सायकलवाला खाली उतरतो आणि परत वर चढताना पुढचं चाक डांबराच्या कडेला घासत राहतं, चढत नाही. तिथं पडणारा माणूस रस्त्याच्या आतल्या बाजूला पडतो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. कारपेट झालं की चेंबर वर उचलणं आणि साईडपट्टी भरून रस्त्याच्या पातळीला आणणं हे त्याच कामाचा भाग आहे, वेगळी निविदा नव्हे.

स्पीड ब्रेकरचंही माप ठरलेलं आहे. आयआरसी ९९ मधला नेहमीचा उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांबट पाठीचा. गल्लोगल्ली असतो तो अर्ध्या मीटरचा उंबरा, रात्री रंगही न दिसणारा. ऊस हंगामात रस्त्यावर पडणारं वाडं आणि शेतातून चाकांबरोबर येणारा चिखल हा स्वतंत्र लेखाचा विषय. दोन ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर आहे का, हे बघणं आरटीओ आणि पोलिसांचं काम, एवढंच इथं.

सायकल ट्रॅकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. महाद्वार रोड, गंगावेश, पापाची तिकटी इथं वेगळा ट्रॅक मागणं म्हणजे वेळ घालवणं. तिथं वेग कमी ठेवणं आणि पार्किंग हटवणं एवढंच होऊ शकतं. सायबर चौक, विद्यापीठ, शाहू नाका या बाजूच्या रुंद रस्त्यांवर जागा आहे, पण पांढरा पट्टा मारला म्हणजे ट्रॅक झाला असं नाही. हँडल साठ सेंटिमीटरचं, डुलण्याला थोडी जागा, म्हणजे एका सायकलला मीटरभर, आणि दुसरीला पुढं जायचं तर दोन मीटर. मधे बसकी अडवण नसेल तर आठवडाभरात तिथं मोटारी लागतात. ट्रॅकवर मोटार चालवायला मनाई करणारा नियम २०१७ पासून आहे. अडवण नसेल तर तो नियम बोर्डावरच राहतो.

आता कायद्याची नवी बाजू. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, पण न्यायालयानं काय बघायचं याची यादी वाचण्यासारखी आहे. त्यातला एक मुद्दा: रस्त्याचा तो भाग धोकादायक आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का. म्हणून अर्ज घेताना कार्यालय शिक्क्यासोबत देतं तो आवक क्रमांक महत्त्वाचा. फेसबुकवरचा फोटो पाचशे जणांनी शेअर केला तरी त्यातून यंत्रणेला माहीत होतं हे सिद्ध करायला झगडावं लागतं. अर्जावरचा शिक्का ते एका क्षणात करतो.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलबद्दल आणखी ठोस आदेश दिला. मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत हे ठरवणारी समिती म्हणजे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्यावर कारवाई व्हायला हवी. सायकलवाल्यांना हा आदेश इतरांपेक्षा जास्त लागू पडतो, कारण मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर अपघातात मोटार वाहन असावं लागतं. एकटी सायकल खड्ड्यात पडली तर तिथं दारच नाही, विमा कंपनी नाही, काही नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना पादचारी आणि विनामोटार वाहनांसाठी, तसंच रस्त्यांच्या दर्जासाठी सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली. आपलं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथंच आहे, त्यामुळं शेवटच्या पायरीला मुंबईची गाडीही पकडायला नको.

अर्ज कसा लिहायचा? एक पान, एक जागा. असा:

‘अमुक रस्त्यावर, विजेचा खांब क्रमांक अमुक समोर, डाव्या कडेपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर, रस्त्याला समांतर, १२ मीटर लांब व ४ सेंटिमीटर खोल चर आहे. सायकलचे चाक त्यात अडकते. दिनांक अमुक रोजी सकाळी ७ वाजता काढलेले दोन फोटो सोबत जोडले आहेत. मा. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ४८ तासांत दुरुस्ती करावी. तोपर्यंत कठडा व रात्री दिवा ठेवावा. सदर अर्जाची प्रत सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर यांना दिली आहे.’

फोटो दोनच पुरतात. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल. दुसरा जवळून, शेजारी बॉलपेन ठेवून. खोली मोजायला सायकलचा पंप आडवा टाका आणि त्याच्याखाली पट्टी उभी धरा. दहा ठिकाणांचा एकच अर्ज करू नका, त्यातली एक जागा बुजवून दहाही निकाली काढतात.

कुणी पडलंच तर आधी १०८. मग माणूस हलवला की लगेच, शक्यतो कुणा दुसऱ्याकडून, जागेचे फोटो. महिनोन्महिने न बुजलेला खड्डा अपघातानंतर रातोरात बुजतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा कुठल्याही दवाखान्याच्या अपघात विभागात कारण सांगताना ‘घसरून पडलो’ म्हणू नका. आपल्याकडं लाजेनं किंवा घाईनं तेच सांगतात, ते तसंच एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांकडं जाणाऱ्या वैद्यकीय नोंदीच्या, कागदावर उतरतं आणि पुढं तोच कागद आपल्या विरोधात जातो. ‘अमुक रस्त्यावरच्या खड्ड्यात सायकलचं चाक अडकून पडलो’ असं सांगा आणि लिहिलेलं वाचून बघा. पोलिसांकडून जागेचा पंचनामा मागा, सायकलचं वाकलेलं चाक बदलण्याआधी फोटो काढा आणि बदललेलं चाक टाकून देऊ नका. बिलं, कामावरची रजा, सगळं एका पिशवीत ठेवा आणि वर सांगितलेल्या भरपाईच्या समितीकडं अर्ज करा. मागून गाडीनं उडवून पळ काढला असेल तर ‘हिट अँड रन’ची वेगळी योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार. ती सायकलस्वारालाही मिळते.

एकाच जागी पुन्हा पुन्हा अपघात होत असतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडं जा. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. सायकलचे किरकोळ अपघात पोलिसांत नोंदवलेच जात नाहीत, म्हणून आपल्या जागा त्या यादीत येत नाहीत.

आणि खड्डा बुजवला असा निरोप आला की जाऊन बघा. दोन मीटरची सरळ काठी पॅचवर आडवी टाकायची. काठी पॅचच्या मधे टेकून टोकाला बोटभर उचलली जात असेल तर उंचवटा झालाय, काठीखालून उजेड दिसत असेल तर पॅच खाली बसलाय. दोन्हीचा फोटो काढून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन परत अर्ज करायचा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तीच काठी घेऊन पुन्हा एकदा जायचं.